अकरा तासांची रात्र

माझे सासरे रात्री तोंडाला मास्क लावून झोपतात. उशाशी पोळ्यांच्या डब्याएवढं एक मशीन असतं. ते हवा आत ढकलतं, थांबतं, पुन्हा ढकलतं. त्याचा आवाज समुद्रासारखा येतो असं माझा नवरा म्हणतो. मी समुद्र पाहिलेला नाही. मला तो आवाज सुपात धान्य पाखडल्यासारखा वाटतो.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. त्यांनी तीस वर्षं लाइनमनची नोकरी केली आणि त्या तीस वर्षांत दिवसाला दोन बंडल बिड्या ओढल्या. फुप्फुसं गेली. अकोल्याच्या डॉक्टरांनी मला दवाखान्याच्या जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं, कारण नवरा चाकणला कंपनीत आणि सासूबाई ऐकूनच रडायला लागल्या असत्या. डॉक्टर म्हणाले, "यांच्या आतली खराब हवा झोपेत बाहेर पडत नाही. साठत जाते, गुंगी येते. मशीनशिवाय झोपले तर कदाचित उठणार नाहीत. एक रात्रही चुकवू नका."

ते 'एक रात्रही' मी जिन्यावरून खाली आणलं आणि तेव्हापासून माझ्याजवळच आहे.

गावातल्या घराच्या भिंतीला लागून गिरणी आहे. पीठ आणि मिरची दोन्ही दळतात. मिरचीच्या दिवसांत मामाजींचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून आम्ही वावरातल्या घरात राहायला गेलो. मानोऱ्याच्या बाजूला, गावापासून दोन किलोमीटर. हवा चांगली, पण घरात वीज नाही. विहिरीच्या पंपापुरती शेतीची लाइन, तीही एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, मनात येईल तेव्हा. तीस वर्षं गावोगावच्या घरांत वीज पोचवणारा माणूस म्हातारपणी टिनाच्या छपरावरच्या दोन सोलर पॅनेलवर येऊन थांबला. घरात ट्रंकेएवढी एक बॅटरी आणि तिच्यावर भिंतीला कंट्रोलर. निळा डबा, तळहाताएवढा, छोटी काच, तीन बटणं. पॅनेलची वायर त्यात यायची, बॅटरीची जायची, आणि तिसऱ्या जोडीतून आमचं सगळं घर चालायचं: दोन दिवे, एक पंखा, अंगणातला बल्ब आणि मामाजींचं मशीन.

पहिल्याच महिन्यात रोज पहाटे चारच्या सुमारास सगळं बंद पडायला लागलं. बॅटरी उतरली की डबा स्वतःच वीज तोडायचा. मामाजी तोपर्यंत अर्धवट जागे असायचे, मास्क काढून उठून बसायचे, आणि मी उजाडेपर्यंत त्यांच्याशी बोलत राहायची, झोपू नये म्हणून. दोन-तीन दिवस असं झाल्यावर मी म्हटलं, "मामाजी, दिवसा पंखा बंद ठेवू. जे भरते ते दिवसाच संपून जाते."

"दिवसा उजेडी पंखा बंद? मंग सोलर कायले लावलं?"

"रात्रीसाठी."

"मले शिकवू नोको. लाइन मी पाह्यली जन्मभर."

खरं तर त्यांना त्या काचेवरचे आकडे दिसत नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबलं होतं. पण तसं म्हणायची सोय नव्हती. मी बी. ए. झालेली, माहेर रिसोडचं, वडिलांचं कापडाचं दुकान. मला फ्यूज आणि होल्डर यांतला फरकही लग्नानंतर समजला. तरी डब्याबरोबर आलेला कागद मी जपून ठेवला होता. तो इंग्रजीत होता आणि तेही मोडकं इंग्रजी. मोबाईलवर फोटो काढून मराठी केलं तर अजून मोडलं. तीन दुपारी मी तो कागद आणि तो डबा यांच्यात घालवल्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तूर निवडता निवडता विचारायच्या, "काय म्हनते तो?"

तो जे म्हणत होता ते हळूहळू कळलं. मधलं बटण पाच सेकंद दाबून धरलं की बल्बच्या चित्राखाली एक आकडा लुकलुकायला लागतो. चोवीस ठेवला तर वीज चोवीस तास चालू. शून्य ठेवला तर अंधार पडल्यावर चालू, उजाडल्यावर बंद. आणि मधला कुठलाही आकडा ठेवला तर अंधार पडल्यापासून तितकेच तास. आमच्या डब्यात चोवीस होता.

शून्य ठेवायला हवा होता. तेवढ्यानं भागलं असतं. पण मी हिशेब केला की मामाजी पहाटे पाचला मास्क काढतात. त्यानंतर उजाडेपर्यंत दिवे उगाच जळतात. मार्च महिना, पावणेसातला अंधार पडतो. अकरा तास धरले तर पावणेसहाला बंद. रोजची पाऊण तासाची बचत. मी अकरा आकडा ठेवला आणि बटण सोडलं. आकडा दोनदा लुकलुकला आणि स्थिर झाला.

दुसऱ्या दिवशी दिवसभर पंखा बंद. मामाजी खाट ओढून लिंबाखाली जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पण त्या रात्री मशीन पहाटेपर्यंत चाललं. आणि त्याच्या पुढच्या रात्री. तीन आठवडे एकदाही बंद पडलं नाही. पहाटे उठून मी काचेवर बॅटरी किती उरली ते पाहायची. पूर्वी अकरा व्होल्टच्या आत गेलेली असायची, आता बारा पॉइंट तीन, बारा पॉइंट चार. मला मनातून फार बरं वाटायचं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "तू तर इंजिनियर झाली." मामाजींनी ते ऐकलं आणि कूस बदलली.

गारा पडल्या त्या दिवशी मी मामाजींची औषधं आणायला मानोऱ्याला गेले होते. दुपारी अडीचपर्यंत ऊन होतं. मग उत्तरेकडून आभाळ आलं, आधी काळं आणि मग हिरवट. बस स्टँडच्या छपराखाली आम्ही वीस-पंचवीस जण उभे होतो आणि गारा पडायला लागल्या. आधी हरभऱ्याएवढ्या, मग लिंबाएवढ्या. टिनावर त्यांचा आवाज इतका की शेजारच्या बाईचं बोलणं ऐकू येत नव्हतं. एक म्हातारा दोन्ही हात कानावर ठेवून खाली बसला. मी घरी फोन लावत होते. लागत नव्हता.

जीप मिळायला पाच वाजले. फाट्यावरून पुढे चालत. वाटेतल्या नाल्याला पाणी होतं, गुडघ्याच्या खाली. दोन्ही बाजूंची बाभळीची पानं खाली पडून वाट हिरवी झालेली, आणि कडेला गारांचे पांढरे ढीग अजून विरघळत होते. घरापाशी पोचले तेव्हा साडेसहा होऊन गेले होते. अंगणातला बल्ब चालू होता. मामाजी खाटेवर, आत्याबाई चुलीपाशी, सगळं जागच्या जागी. मला हायसं वाटलं.

मग खळ्याकडे लक्ष गेलं. काढलेल्या हरभऱ्याची गंजी उघडी, भिजून काळी पडलेली. घाटे गारांनी फोडले होते.

"आत्याबाई, ताडपत्री कुठी गेली?"

त्या चुलीकडेच पाहत म्हणाल्या, "पॅनेलवर टाकली."

"पॅनेलवर?"

"काच हाय न ते. फुटली असती मंग? एकच ताडपत्री होती बाई. शिडी लावून चढली मी. दगडं ठेवले चार कोपऱ्यांवर."

त्यांच्या उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत निळे-काळे डाग होते. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाही. हरभरा सोडून तिनं पॅनेल झाकलं होतं, कारण नवऱ्याचा श्वास त्या पॅनेलवर होता. त्यांचा हात धरून हळद लावली. छप्पर ओलं होतं, शिडी निसरडी; म्हटलं, ताडपत्री उद्या सकाळी काढू. काचेवर बॅटरी बारा पॉइंट सहा. रात्रीला पुरेशी. नऊ वाजता मामाजींना मास्क लावला आणि झोपायला गेले.

म्हणजे ताडपत्री कुठे आहे हे मला ठाऊक होतं. डबा अंधार कशावरून ओळखतो हेही मलाच एकटीला ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि एकमेकींना भेटल्या नाहीत.

रात्री जाग आली ती कशानं ते लगेच कळलं नाही. बाहेर बेडूक ओरडत होते, अगदी स्पष्ट. इतके स्पष्ट का ऐकू येतात, असं वाटलं, आणि पुढच्या क्षणाला मी उठून उभी होते. सुपाचा आवाज नव्हता.

मोबाईलमध्ये दोन वाजून वीस मिनिटं. टॉर्च लावून मामाजींच्या खोलीत गेले. आत्याबाई खाली चटईवर गाढ झोपलेल्या. दिवसभरानं थकल्या होत्या आणि त्यांना तसंही कमी ऐकू येतं. मामाजींच्या तोंडावर मास्क होता, मशीनचा दिवा विझलेला. मी मास्क ओढून काढला. कपाळ घामानं भिजलं होतं. छाती हलत होती, पण इतकी सावकाश की दोन श्वासांमध्ये मी मोजायला लागले आणि मोजणं संपेना.

"मामाजी! मामाजी, उठा!"

डोळे अर्धे उघडले, पण त्यांनी मला ओळखलं नाही. जड जिभेनं काहीतरी म्हणाले. कान जवळ नेला. "खाली ये… खाली ये रे, लाइन चालू हाय."

"कोन? मामाजी, मी हाय."

डोळे पुन्हा मिटले.

आत्याबाई उठल्या आणि त्यांनी मला पाहिलं. ओरडतील असं वाटलं, पण ओरडल्या नाहीत. त्यांनी मामाजींचं डोकं मांडीवर घेऊन धड उचललं आणि पाठ चोळायला लागल्या. मी म्हटलं, "त्यायले बसतं ठेवा. बोलत राहा. झोपू देऊ नका." दवाखान्याच्या सरकारी गाडीला फोन लावला. पलीकडून विचारलं, कुठून बोलता, रस्ता कसा आहे, मी सांगितलं, म्हणाले, निघतो, पण नाल्याला पाणी असेल तर सांगता येत नाही. गावातल्या जीपवाल्याला लावला. तो झोपेतून उठून लगेच म्हणाला, "येतो वहिनी, पर उजाडल्याबिगर चिखलातून गाडी निघाची नाही. फसली तर दोघंही फसू."

म्हणजे उजाडेपर्यंत आम्हीच.

मी डब्यापाशी गेले. बॅटरी उतरली असेल असं धरून गेले होते. काचेवर बारा पॉइंट चार. बॅटरीत वीज होती. तरी बल्बचं चित्र विझलेलं. असं कधीच झालं नव्हतं. मी बटण दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं. दाबून धरलं तर अकरा आकडा लुकलुकायला लागला आणि मला त्या घटकेला त्या अकराचा अर्थच आठवेना. तीन दुपारी बसून शिकलेलं सगळं गेलं. डबा बिघडला, एवढंच डोक्यात. मागून आत्याबाईंचा आवाज येत होता, "अवो, आयका न. बोला माह्याशी. गाय व्यायली कधी ते सांगा. सांगा न." मामाजी काही सांगत नव्हते.

वीज बॅटरीत आहे, डबा देत नाही. मग डबा मधून काढायचा. एवढंच मला सुचलं. मशीनची वायर डब्यातून सोडवून सरळ बॅटरीला लावायची. पेचकस मामाजींच्या हत्यारांच्या जुन्या खोक्यात होता, तो सापडला. पण सोलरवाल्यानं मशीनला जोडलेली वायर दोन्ही बाजूंनी काळी होती. अधिक कुठली, उणे कुठली, हे फक्त ती डब्याच्या कुठल्या भोकात आहे त्यावरून कळत होतं. उलटी लागली तर मशीन कायमचं जळणार. एक पेच सैल केला. अधिक खुणेची वायर बाहेर आली. खाली पडली तर संपलं, कुठली कुठली ते कळणार नाही. ती मी दातांत धरली. तांब्याचा आंबट स्वाद जिभेला लागला. दुसरा पेच सुटेना. टॉर्च मी काखेत धरला होता, तो सारखा खाली घसरत होता.

"आत्याबाई, उजेड धरा!"

"हे पडतेत न सोडलं तं!"

"भिंतीले टेकवा. या."

त्या आल्या. टॉर्च धरला. उजेड भिंतभर फिरत होता. मग त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं आणि उजेड थांबला. पेच सुटला. वायरी काढून बॅटरीपाशी बसले. दातांतली लाल खुणेच्या नटाखाली. दुसरी टेकवली तेव्हा निळी ठिणगी उडाली आणि माझा हात आपोआप मागे आला. मामाजी शुद्धीवर असते तर ओरडले असते: फ्यूज नाही, काही नाही, अशी सरळ वायर लावते का कोणी. पुन्हा टेकवली. घट्ट केली.

मशीन पीं करून वाजलं. एकदा, मग दोनदा. हिरवा दिवा लागला. हवा ढकलायला लागलं.

मास्क लावला. पट्टे ओढले. मामाजींना भिंतीला टेकवून दोन्ही बाजूंना गोधड्या लावल्या आणि आम्ही दोघी समोर बसलो. मशीनच्या छोट्या काचेवर प्रत्येक श्वासाला एक पट्टी वर चढते. मी ती पट्टी पाहत होते. आत्याबाई त्यांच्या पायाचे तळवे चोळत होत्या. मध्येच म्हणाल्या, "गार हाय." मग पाच मिनिटांनी, "गारच हाय." सरकारी गाडीवाल्याचा फोन आला की फाट्यापर्यंत आलो, नाल्यात पाणी आहे, उतार पडायची वाट पाहतो.

पट्टीची चाल बदलली ते साडेतीनच्या पुढे. आधी ती मशीनच्या मर्जीनं चढत होती, मग मध्येच एखादी मामाजींची स्वतःची, लहान, ओढून काढल्यासारखी. मग सलग दोन. चारच्या सुमाराला त्यांनी हात उचलला आणि मास्क काढायला गेले. मी हात धरला. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मग बॅटरीकडे, मग त्या उघड्या जोडलेल्या वायरीकडे. मास्कच्या आतून घोगरा आवाज आला.

"ही वायर कोनं लावली?"

आत्याबाई तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

उजाडल्यावर गाडीवाले आले, तपासलं, ऑक्सिजन दिला आणि दिवसभर मानोऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. संध्याकाळी आम्ही परत आलो. दवाखान्याच्या बाकावरून मी सोलरवाल्याला फोन केला होता. तो म्हणाला, "डबा खराब झाला असंल ताई, घेऊन या, दुसरा देतो." मला ते पटायला फार सोपं होतं. डबा खराब, विषय संपला. पण बारा पॉइंट चार हा आकडा डोळ्यांपुढून जाईना.

जेवायला बसल्यावर आत्याबाई सहज म्हणाल्या, "काल डब्ब्यानं कायचं येडं घेतलं कोन जाने. ताडपत्री टाकून खाली उतरली अन् पाह्यतो तं आंगनातला बल्ब लागलेला. भर दुपारी. पंखाबी सुरू झाला."

"किती वाजले होते?"

"तीन असतीन. हे म्हनले, सूनबाईले दया आली."

मी घास ताटात ठेवला. दुपारी तीन. ताडपत्री पडली, पॅनेलला अंधार झाला, डब्यानं समजून घेतलं की दिवस मावळला. तीनपासून अकरा तास. रात्रीचे दोन. डबा बिघडला नव्हता. त्यानं मी सांगितलं तेच अगदी बरोबर केलं होतं. शून्य असता तर ताडपत्री काढेपर्यंत वीज गेली नसती. त्या पाऊण तासाच्या हावेपायी…

गप्प राहता आलं असतं. डबा बदलला की कोणाला काही कळलं नसतं. आणि बोललं तर आत्याबाईंना कळणार होतं की त्यांनी गारांत चढून, हरभरा सोडून जे केलं त्यानंच ते झालं. हात धुऊन मी अंगणात जाऊन उभी राहिले. बऱ्याच वेळानं आत आले आणि मामाजींच्या खाटेपाशी खाली बसले.

"मामाजी, डबा चांगला हाय. चूक माही हाय. मी त्याच्यात अकरा तास लावले होते. दिवस बुडाल्यापासून अकरा तास, मंग बंद."

ते म्हणाले, "दिवस बुडाला हे त्याले कसं समजते?"

"पॅनेलवरून. पॅनेलले उजेड लागला नाही की त्याले रात्र वाटते."

मी इतकंच सांगून थांबणार होते. पण माणूस लाइनमन होता. त्यांची नजर वर छपराकडे गेली. ताडपत्री अजून तिथंच होती, वाऱ्यानं टिनावर फडफडत होती. त्यांनी सगळं जुळवलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. मग ते दारात उभ्या असलेल्या आत्याबाईंकडे वळले.

"तू वरतं चढली होती? त्या गारांत?"

"मंग काय करू? काच—"

"अन् पडली असती तं? मले कोन उचलत होतं अन् तुले कोन उचलत होतं?" आवाज चढला आणि खोकल्यात गेला. खोकला थांबायची आम्ही वाट पाहिली. तेवढ्यात आत्याबाईंच्या लक्षात आलं. त्या दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या.

"म्हंजे मीच बंद केली."

"नाई," मामाजी म्हणाले.

"मीच टाकली न ताडपत्री."

"आयक." त्यांनी श्वास घेतला. त्यांना एका दमात बोलता येत नाही, तीन-चार शब्दांवर थांबावं लागतं. "मी एक डाव लाइन चालू केलती. निरोप आला का काम झालं. निरोप दुसऱ्या लाइनचा होता. मानूस पोलवर होता."

चाळीस वर्षांच्या संसारात आत्याबाई हे पहिल्यांदा ऐकत होत्या. मला रात्रीचं ते जड जिभेचं बोलणं आठवलं.

"वाचला?" मी विचारलं.

"वाचला. हात गेला एक." मग ते म्हणाले, "कोनी चूक केली ते खात्यानं लय शोधलं. निरोप देनारा म्हने मी बरोबर देला. घेनारा म्हने मी बरोबर घेतला. दोघंबी खरे होते. एकमेकाले इचारलं नाही, बस." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुले डब्ब्याचं ठाऊक, इले सांगतलं नाही. इनं बल्ब पाह्यला, तुले सांगतलं नाही. मीबी पाह्यला. गार वारं लागलं, बरं वाटलं, बोललो नाही."

त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला त्या दिवशीही कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. ते तसं काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र खाट बॅटरीपाशी ओढायला लावली आणि मला समोर बसवलं. मानोऱ्याहून फ्यूज आणि लाल-काळी वायर आणवली होती. मशीनची जोडणी डब्यातून कायमची काढली. फ्यूज घालून ती सरळ बॅटरीला. दिवे, पंखा, अंगणातला बल्ब तेवढे डब्यावर राहिले, आणि त्यांना अंधारानंतर पाचच तास. मशीन मात्र कोणाच्याही आकड्यावर बंद पडणार नाही. उघडं तांबं थोडंही दिसलं की मामाजींना डोळ्यांनी नाही पण बोटांनी कळायचं. "पुन्हा कर," म्हणायचे. एक जोड त्यांनी मला चार वेळा करायला लावला. चौथ्यांदा फक्त पुढची वायर दिली.

तेव्हापासून घरात रीतच पडली. पॅनेल पुसायला कोणी वर चढलं तरी मोठ्यानं सांगायचं. डब्याला हात लावायचा असेल तर आधी सांगायचं, नंतर सांगायचं. कधीकधी आम्ही तिघंही एकाच खोलीत असतो आणि तरी मी ओरडून सांगते, "बल्ब बंद करून राह्यली!" आणि मामाजी खाटेवरून "कर!" म्हणतात. पाहुण्यांना हसू येतं.

माझी झोप मात्र पूर्वीसारखी झाली नाही. मशीन चालू असलं तरी दोनच्या आसपास डोळे उघडतात. मी पडल्या पडल्या ऐकते आणि कूस बदलते. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या पावसाळ्यात मला आठ दिवस रिसोडला जावं लागलं. मुलगी तिथं माझ्या आईकडे शाळेत आहे, तिला डेंग्यू झाला होता. निघताना पाय उचलत नव्हता. आत्याबाईंना अक्षरं वाचता येत नाहीत, आकडे येतात, एवढ्यावर मी त्यांना काच समजावून दिली होती. तिसऱ्या दिवशी झड लागली. ऊन नाही, पॅनेल नावाला. संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात त्यांचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"बारा पॉइंट एक हाय. काल याच टायमाले बारा पॉइंट चार होती. मी पंखा काढला, दोन्ही दिवे काढले. कंदील लावला. ह्यायले सांगतलं, तुले सांगून राह्यली."

"आंगनातला बल्ब?"

"तोबी काढला. रानडुकरं येतीन तं येऊ दे."

मागून मामाजींचा आवाज आला, तीन-तीन शब्दांत तुटलेला. बारा पॉइंट एकवर रात्र निघते, पण उद्याही झड राहिली तर गावातून दुसरी बॅटरी आणून ठेवायची. जीपवाल्याला त्यांनी आत्ताच सांगून ठेवलं होतं. मग आत्याबाईंनी विचारलं, "पोरीचा ताप किती हाय?"

मी म्हटलं, "एकशे एक."

"काल किती होता?"

"एकशे तीन."

"उतरून राह्यला मंग," त्या म्हणाल्या, आणि मागे वळून मामाजींना मोठ्यानं सांगायला लागल्या.